छत्तिसाव्या वर्षी दहावीला बाहेरून बसायचे आहे : सतरा नंबरचा फॉर्म भरावा की मुक्त विद्यालयात नाव घालावे?

प्रश्न : पारोळेकर_ताई

सर्वांना नमस्कार. मी पारोळा तालुक्यातील एका लहान गावात राहते. माझे वय छत्तीस वर्षे आहे. २००३ साली मी आठवी उत्तीर्ण झाले, नववीच्या सहामाहीपर्यंत शाळेत गेले आणि मग घरच्या अडचणींमुळे शाळा सुटली ती सुटलीच. लग्नानंतर शेती, शिलाईचे काम आणि बचत गटाचे हिशेब यांतच वर्षे गेली. आमच्या गावातील पोलीस पाटलाचे पद गेले काही महिने रिक्त आहे. गटातील बायकांनी अर्ज करण्याचा आग्रह धरला, तेव्हा चौकशी केल्यावर कळले की त्यासाठी किमान दहावी उत्तीर्ण असावे लागते आणि वय पंचवीस ते पंचेचाळीस या दरम्यान असावे लागते. वयाची अट मी पूर्ण करते, दहावीची करत नाही. या वेळची जाहिरात कदाचित हातून जाईल, याची मला कल्पना आहे. तरीही दहावी आता पूर्ण करावीच, असे मनाने घेतले आहे.

माझ्या अडचणी अशा आहेत. शाळा सोडल्याचा मूळ दाखला घरात कोठेही सापडत नाही. दाखल्यावर माहेरचे नाव होते, तर आधार कार्डावर सासरचे नाव आहे. गणिताची भीती तेव्हाही होती आणि आजही आहे. कोणी सांगते की सतरा नंबरचा, म्हणजे बाहेरून बसणाऱ्यांचा, फॉर्म भरून राज्य मंडळाची परीक्षा द्यावी, तर कोणी सांगते की एनआयओएस या मुक्त विद्यालयातून परीक्षा द्यावी, कारण तेथे गणित घ्यावेच लागत नाही. माझी मोठी मुलगी या जूनमध्ये दहावीत जाईल, त्यामुळे पुस्तके घरातच आहेत. कोणता मार्ग घ्यावा, हे ज्यांनी स्वतः केले आहे किंवा जवळून पाहिले आहे, त्यांनी कृपया सांगावे.

उत्तर १ : निवृत्त_गुरुजी_धुळे

ताई, माझी बरीच वर्षे माध्यमिक शाळेत गेली आणि शेवटची काही वर्षे आमची शाळा खाजगी विद्यार्थ्यांचे संपर्क केंद्र होती, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. मार्ग कोणता घ्यावा याआधी दाखल्याचा प्रश्न सोडवा, कारण माझ्या पाहण्यात बाहेरून बसू इच्छिणाऱ्यांपैकी बहुतेकांचे घोडे अभ्यासात अडले नाही, ते कागदात अडले.

सतरा नंबरच्या फॉर्मसाठी वयाची चौदा वर्षे पूर्ण असावी लागतात आणि किमान पाचवी उत्तीर्ण असावे लागते; वयाला वरची मर्यादा नाही. आपण आठवी उत्तीर्ण आहात, म्हणजे पात्रतेचा प्रश्नच नाही. मूळ दाखला हरवला असेल तर नववीत ज्या शाळेत होतात त्या शाळेत जावे. तेथील जनरल रजिस्टरमध्ये आपली नोंद असतेच, कारण ते रजिस्टर शाळा कायमस्वरूपी जपून ठेवते. लेखी अर्ज आणि प्रतिज्ञापत्र दिल्यावर दाखल्याची दुसरी प्रत मिळते. ती हाती आल्यावर तीन गोष्टी शांतपणे वाचा : आपले नाव, आईचे नाव आणि जन्मतारीख. आपल्याकडे त्या पिढीतील अर्ध्या गावाचा जन्म एक जूनचा आहे, हे आपणास ठाऊक असेलच. शाळेत घालायला आणलेल्या मुलाची तारीख आईबापांना सांगता आली नाही की गुरुजी एक जून लिहून मोकळे होत. (आमच्याही पूर्वसुरींनी हे उदंड केले आहे.) आधारवर वेगळी तारीख असेल तर दोन्हींचा मेळ आताच घाला. शाळा सोडल्यानंतर रजिस्टरमधील नोंद सहजासहजी बदलत नाही, आणि आधारमधील जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलता येते, म्हणून कोणती तारीख कायम ठेवायची हे आधी ठरवून मगच केंद्रावर जावे. एकदा दहावीच्या प्रमाणपत्रावर छापली गेली की ती तारीख पुढे प्रत्येक कामात आपली तारीख ठरते.

नावाबाबत : मंडळ शाळेच्या नोंदीप्रमाणे नाव घेते, म्हणजे आपले माहेरचे नाव प्रमाणपत्रावर येईल. त्यात कमीपणा काही नाही. विवाह नोंदणीचा दाखला आणि राजपत्रातील नावबदलाची प्रसिद्धी हे दोन कागद जवळ ठेवले की माहेरचे आणि सासरचे नाव एकाच व्यक्तीचे आहे हे कोठेही सिद्ध करता येते.

उत्तर २ : शहाद्याचा_चालक

ताई, मी वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी झालो. गुरुजींनी कागदांचे सांगितले ते योग्यच आहे; मी माझी एक चूक सांगतो, म्हणजे आपली होणार नाही.

फॉर्म भरला म्हणजे परीक्षेला बसलो असा माझा समज होता. प्रत्यक्षात ही दोन वेगवेगळी कामे आहेत. पावसाळ्यात मंडळाच्या संकेतस्थळावर जो फॉर्म भरतो, ती केवळ नाव नोंदणी असते. त्या वेळी आपल्या पत्त्याजवळची एक शाळा संपर्क केंद्र म्हणून निवडावी लागते आणि मूळ कागदपत्रे तेथे नेऊन द्यावी लागतात. त्यानंतर नाव नोंदणी प्रमाणपत्र मिळते आणि परीक्षेचा अर्ज त्याच शाळेमार्फत वेगळा भरावा लागतो. मला ते कोणी सांगितले नाही आणि मीही गाडीवर असल्यामुळे शाळेत फिरकलो नाही. मुदत उलटून गेली आणि एक पूर्ण वर्ष वाया गेले. दुसऱ्या वर्षी मी महिन्यातून एकदा, काम असो वा नसो, त्या शाळेच्या कार्यालयात जाऊन लिपिकांना नमस्कार करून येत असे. आपले जळगाव, धुळे व नंदुरबार हे तिन्ही जिल्हे नाशिक विभागीय मंडळाखाली येतात, पण नाशिकला जाण्याची वेळ माझ्यावर एकदाही आली नाही. सारे काम संपर्क केंद्रातच होते.

शाळेशी संबंध ठेवण्याचे दुसरेही कारण आहे. दहावीला सहा विषय प्रत्येकी शंभर गुणांचे असतात आणि त्यांपैकी वीस गुण तोंडी, प्रात्यक्षिक किंवा अंतर्गत मूल्यमापनाचे असतात. ते गुण बाहेरून बसणाऱ्यालाही त्या शाळेत जाऊनच मिळवावे लागतात. गणितात लेखी आणि अंतर्गत मिळून पस्तीस गुण हवे असतात. बीजगणित चाळीस आणि भूमिती चाळीस अशी लेखी परीक्षा असते. मी भूमितीची प्रमेये सोडून दिली, त्याऐवजी बीजगणितातील आलेख, अर्थनियोजन, संभाव्यता आणि सांख्यिकी ही प्रकरणे घट्ट धरली. अर्थनियोजनात जीएसटी आणि शेअर येतात. बचत गटाचे हिशेब लिहिणाऱ्या माणसाला ते जड जाऊ नयेत. पहिल्या वेळी गणितात राहिलो, हेही प्रामाणिकपणे सांगतो. त्या एका विषयासाठी जुलैची पुरवणी परीक्षा दिली आणि सुटलो.

मला खरा त्रास गणिताने दिला नाही, मराठीने दिला. आपण घरात अहिराणी बोलतो आणि उत्तरपत्रिकेत प्रमाण मराठी लिहावी लागते. सरावाच्या पहिल्या पत्रलेखनात मी ‘मना भाऊ’ आणि ‘शाळामा’ असे लिहून ठेवले होते आणि ते चुकले आहे हे मला दुसऱ्याने दाखवेपर्यंत दिसलेही नव्हते. रोज एक बातमी किंवा पत्र हाताने उतरवून काढण्याचा मला फार उपयोग झाला.

उत्तर ३ : भुसावळची_वाचक

वरील दोन्ही उत्तरे राज्य मंडळाच्या बाजूने आहेत, म्हणून दुसरी बाजू मांडते. मी एनआयओएसमधून, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, दहावी आणि नंतर बारावी केली. ही केंद्र शासनाची संस्था आहे. १९८९ साली ती राष्ट्रीय मुक्त विद्यालय या नावाने सुरू झाली आणि तिचे प्रमाणपत्र इतर मंडळांच्या दहावीच्या बरोबरीचे मानले जाते. तेथे पाच विषय घ्यावे लागतात आणि त्यांत किमान एक भाषा असावी लागते. उत्तीर्ण होण्यासाठी तेहतीस टक्के गुण लागतात. प्रवेश पाच वर्षांपर्यंत टिकतो आणि त्या काळात नऊ वेळा परीक्षेला बसता येते, म्हणजे या खेपेस दोन विषय, पुढच्या खेपेस तीन विषय असे तुकड्यांनी उत्तीर्ण होता येते. ज्या बाईच्या घरी आज सासूबाई आजारी आणि उद्या पाहुणे, तिच्यासाठी ही सवलत किती मोठी आहे हे वेगळे सांगायला नको.

गणित घ्यावेच लागत नाही, हे आपण ऐकलेले खरे आहे. मी मराठी, गृहविज्ञान, सामाजिक शास्त्र, व्यवसाय अध्ययन आणि चित्रकला हे विषय घेतले होते. मात्र दोन इशारे देते. पहिला असा की मराठी माध्यम उपलब्ध असले तरी प्रत्येक विषयाचे पुस्तक मराठीत मिळतेच असे नाही, म्हणून विषय ठरवण्याआधी पुस्तक पाहावे. दुसरा असा की गणित व विज्ञान सोडून झालेली दहावी आयटीआयच्या अनेक व्यवसायांना चालत नाही. आपणास आयटीआयला जायचे नाही, परंतु आणखी कोणी हा धागा वाचून निर्णय घेईल, त्याच्यासाठी लिहून ठेवते.

परीक्षा वर्षातून दोनदा होते : एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. कागदावर हे सोयीचे दिसते. खानदेशात मात्र एप्रिल-मे म्हणजे भुसावळचा पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे कापसाची वेचणी. मी रेल्वे वसाहतीत राहणारी, मला वेचणीची चिंता नव्हती, आपणास असेल. उलट राज्य मंडळाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये येते, तेव्हा दादर (रब्बी ज्वारी) आणि हरभरा काढायला आलेला असतो. शेतकऱ्याच्या घरी रिकामा महिना कोणत्याच मंडळाला सापडलेला नाही.

आणखी एक : ‘परीक्षेला न बसता दहावी, हमखास प्रमाणपत्र’ अशा जाहिराती करणाऱ्यांपासून दूर राहावे. माझ्या एका मैत्रिणीने अशा एका क्लासला पैसे दिले आणि हाती आलेले प्रमाणपत्र कोणत्याच मान्यताप्राप्त मंडळाचे नव्हते.

उत्तर ४ : चोपड्याचा_वाचक

मध्येच एक प्रश्न विचारतो, क्षमस्व. माझी वहिनी तिसरीपर्यंतच शिकली आहे. तिला यांपैकी काही करता येईल का?

उत्तर ५ : निवृत्त_गुरुजी_धुळे

चोपड्याच्या दादांना : सतरा नंबरच्या फॉर्मला पाचवीची अट आहे, त्यामुळे तो मार्ग आज लगेच खुला नाही. महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ पाचवी आणि आठवीच्या समकक्ष परीक्षा घेते. पाचवीसाठी दहा आणि आठवीसाठी तेरा वर्षे पूर्ण असली की पुरते. वहिनींनी तेथून सुरुवात करावी. अक्षर वळणावर येण्यास वेळ लागेल, तो द्यावा.

आता पारोळ्याच्या ताईंसाठी माझे मत. भुसावळच्या ताईंनी सांगितलेले सर्व खरे आहे आणि एकटीने, कोणाच्याही मदतीशिवाय अभ्यास करणाऱ्या बाईला मी त्यांचे एनआयओएसच सुचवले असते. आपली स्थिती वेगळी आहे. आपल्या घरात दहावीची मुलगी आहे. तीच पुस्तके, तेच स्वाध्याय, त्याच सराव प्रश्नपत्रिका घरात असणार, आणि शिकवणारीही घरातच आहे. गणिताची जी भीती आपण लिहिली ती मुलीबरोबर वही उघडून बसल्यावर किती उरते हे दोन महिन्यांत कळेल. फॉर्म भरण्याची मुदत तोपर्यंत साधारणपणे संपलेली नसते. दोन महिन्यांनंतरही गणित हाती लागत नसेल, तर मुक्त विद्यालय कोठे पळून जात नाही.

शिवाय पोलीस पाटलाची निवड केवळ दहावीवर होत नाही, त्यासाठी लेखी परीक्षा आणि मुलाखत असते. त्या लेखी परीक्षेत अंकगणित येतेच. गणित आज टाळले तरी ते तेथे दारात उभे राहील.

उत्तर ६ : भुसावळची_वाचक

गुरुजींचा हा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता. या एका कारणासाठी मी माझे मत बदलते. मात्र ताई, मुलीला एकदा विचारून घ्या. दहावीच्या वर्षात तिचा स्वतःचा ताण असतो. आईची शिकवणी घेणे तिला आवडेल की ओझे वाटेल हे तिने सांगावे, आपण गृहीत धरू नये.

पुन्हा प्रश्नकर्ती : पारोळेकर_ताई

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला दहा दिवस लागले, कारण दरम्यान शाळेत दोन खेपा झाल्या. पहिल्या खेपेस रजिस्टर ठेवलेल्या कपाटाची किल्ली असणारे शिक्षक सुटीवर होते. दुसऱ्या खेपेस रजिस्टर निघाले आणि माझे नाव सापडले. जन्मतारीख गुरुजींनी वर्तवल्याप्रमाणे एक जून १९८९ आहे. आधारवर एक जानेवारी १९८९ आहे. खरी कोणती, हे आईलाही सांगता येत नाही, एवढेच आठवते की घरात नवा कापूस आला होता, म्हणजे दोन्ही खोट्याच असाव्यात. शाळेची तारीख कायम ठेवून आधार दुरुस्त करण्याचे ठरवले आहे. दाखल्याच्या दुसऱ्या प्रतीसाठी प्रतिज्ञापत्र करून अर्ज दिला आहे.

फॉर्म सतरा नंबरचाच भरणार आहे. मुलीला विचारले. गणित शिकवायला ती तयार आहे, आणि गेल्या आठवड्यात रोज रात्री अर्धा तास तिने माझ्याकडून वर्गसमीकरणे सोडवून घेतली; चुकले की ती तिच्या बाईंसारखी चष्म्यावरून पाहते, हे मला मुळीच आवडत नाही. तिने एकच अट घातली आहे : संपर्क केंद्र म्हणून मी तिची शाळा निवडू नये. त्यामुळे आता यादीत पारोळ्यातील दुसरी शाळा आहे की अमळनेरपर्यंत जावे लागेल, ते पाहायचे आहे. यंदाची नाव नोंदणी सुरू झाल्याचे कोणास समजल्यास कृपया याच ठिकाणी कळवावे.