दिव्याची भेट आणि जोशी सर
‘विमानतळावरच्या गर्दीत कसली भेट, नुसतं दर्शन!’ दिव्याच्या स्वागताबद्दलचं कुणाचं तरी हे म्हणणं अर्धं मान्य. जॉर्जियातल्या बातुमीहून महिला बुद्धिबळ विश्वचषक जिंकून दिव्या देशमुख ३० जुलै २०२५ च्या रात्री नागपुरात उतरली, तेव्हा भाचीला घेऊन मीही तिथे होतो. गर्दी म्हणजे बाप्पा! जेमतेम दोन हातांवरून ती हसत पुढे गेली. भाचीची वही कोरीच राहिली, पण पोरगी आठवडाभर हवेत.

आवर्जून सांगायची गोष्ट म्हणजे, त्या गडबडीतही दिव्याने आईवडील आणि बहिणीसोबत पहिले प्रशिक्षक राहुल जोशी सरांचंही नाव घेतलं. ती ग्रँडमास्टर (बुद्धिबळातला सर्वोच्च किताब) व्हावी ही त्यांची फार इच्छा. सर २०२० मध्येच गेले.