संगीतकारांच्या चरित्रपटांची टर उडवणारे सिनेमे, सिनेमा म्हणून जमतात का?

ठाणेकर:
'वॉक हार्ड: द ड्यूई कॉक्स स्टोरी' (२००७) पाहिला, ड्यूई कॉक्स नावाच्या काल्पनिक गायकाचा खोटा चरित्रपट. पहिला पाऊण तास हसून हसून मुरकुंडी वळली, नंतर घड्याळाकडे लक्ष जायला लागलं. ज्यांची टर आहे ते 'रे' (रे चार्ल्सवरचा) आणि 'वॉक द लाइन' (जॉनी कॅशवरचा) हे दोन्ही चरित्रपट आधी पाहिलेत, त्यामुळे संदर्भ लागत नव्हते असंही नाही. मित्र म्हणतो, अजोड सिनेमा आहे. पण साडेतीन कोटी डॉलर घालून दोन कोटींच्या आसपासच आले म्हणे. असली विडंबनं दीड तास तग धरतात, की यूट्यूबवरचे तुकडेच बरे?

एडिसनवाली:
गल्ल्यावर जाऊ नका हो. क्वीन बँडवरच्या 'बोहेमियन रॅप्सडी'ने नव्वद कोटी डॉलरच्या वर कमावले, म्हणून तो चांगला झाला का? तो बघताना मला सारखा ड्यूईच आठवत होता.

काळी_पाच:
मी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो, तेव्हा माझं मत कानाकडून येणार, हे आधीच सांगून ठेवतो.

ज्याला चाल बांधता येते त्यानेच चालीची टिंगल करावी. 'वॉक हार्ड'ची गाणी चित्र बंद करून ऐका. शीर्षकगीतात गायक-गीतकार मार्शल क्रेन्शॉचा हात आहे, त्या गाण्याला गोल्डन ग्लोबचं नामांकनही होतं. बॉब डिलनची नक्कल असलेलं 'रॉयल जेली' डॅन बर्नचं. शब्द म्हणजे निव्वळ बरळणं, पण ओळ कुठे ओढायची आणि कुठे टाकून द्यायची ते अगदी बरोब्बर. 'ब्लॅक शीप'ची तर मजाच आहे. बीच बॉइज बँडवाल्या ब्रायन विल्सनच्या 'स्माइल' अल्बमसाठी ज्याने साठच्या दशकात शब्द लिहिले, त्या व्हॅन डाइक पार्क्सलाच विल्सनची नक्कल करायला बसवलंय! ड्यूई झालेला जॉन सी. रायली स्वतः गायलाय, आणि 'बघा मी कसा गमतीदार गातोय' असा आव कुठेही नाही. अत्र्यांची 'झेंडूची फुले' अजून लोकांना पाठ आहेत ती काय नुसत्या टवाळीमुळे? वृत्त चोख होतं म्हणून.

प्रसंगातही तेच. ड्यूई बाथरूमचं दार उघडतो, आत ड्रमर सॅम (टिम मेडोज) गांजा ओढत बसलाय. 'निघ इथून, तुझ्या कामाचं नाही हे,' असं सॅम अगदी कळवळून सांगतो. ड्यूई भाबडेपणाने एकेक शंका विचारतो. डोकं दुखतं का? नाही. सवय लागते? नाही. महाग असेल? छे, सगळ्यात स्वस्त! प्रत्येक उत्तरागणिक इशाऱ्याची जाहिरात होत जाते आणि मेडोजच्या चेहऱ्यावरची काळजी मात्र तसूभर ढळत नाही. पुढे दरवेळी नवं व्यसन आणि पुन्हा तेच दार. चरित्रपटातला 'अधःपतनाचा टप्पा' किती ठोकळेबाज असतो, हे यापेक्षा नेमकं कोणी दाखवलेलं मला तरी माहीत नाही.

आता तुमचं घड्याळ. ड्यूई हा माणूस नाही, खुंटी आहे. पन्नासच्या दशकातला रॉकअँडरोल, मग निषेधगीतं, मग महर्षींच्या आश्रमात बीटल्स, मग सत्तरच्या दशकातला टीव्ही शो, असे एकेक कोट तिच्यावर टांगत जायचं. बीटल्सनंतर नुसती यादी संपवणं चाललंय हे मलाही जाणवतं. शेवटच्या 'ब्यूटिफुल राइड'ला सिनेमा परत समेवर येतो, कारण तिथे रायली सरळ गातो.

याउलट 'धिस इज स्पायनल टॅप' (१९८४) घ्या. तो चरित्रपट नाही, खोटा माहितीपट आहे, पण जवळचाच. अकरापर्यंत आकडे असलेला अ‍ॅम्प्लिफायर आणि अठरा फुटांऐवजी अठरा इंचांचं स्टेजवरचं स्टोनहेंज सगळ्यांना ठाऊक असतं. माझ्या लेखी तो सिनेमा म्हणून उभा राहतो तो बँडमधल्या डेव्हिड आणि नायजेलच्या दोस्तीवर. डेव्हिडची मैत्रीण बँडच्या कारभारात घुसते, नायजेल चिडून निघून जातो आणि शेवटी जपानात गाणं चाललंय हा निरोप घेऊन ओशाळत परत येतो. त्याला पुन्हा स्टेजवर बोलावतात तेव्हा मला खरंच बरं वाटतं. ज्यांनी बँड कोळून प्यायलाय अशा मूर्खांची ही गोष्ट आहे. आमच्या ग्रीनरूममध्ये याहून वेगळं काही चालत नाही.

'विअर्ड: द अल यँकोविक स्टोरी' (२०२२), विडंबनगीतं गाणाऱ्या खऱ्या अल यँकोविकचा खोटा चरित्रपट, या दोघांच्या मधे कुठेतरी. २०१० च्या खोट्या ट्रेलरचा सिनेमा केलाय आणि ते दिसतं. अ‍ॅकॉर्डियन घरात चोरून वाजवणारा पोरगा हा भाग सुरेख. ड्रगमाफिया पाब्लो एस्कोबार आला की मी मोबाईल हातात घेतो. अल झालेला डॅनियल रॅडक्लिफ मात्र जीव तोडून काम करतो. 'पॉपस्टार'बद्दल (२०१६) काय बोलायचं, गाणी भारी, गोष्ट पातळ.

अनघा_पु:
मला एक खटकतं. जॉनी कॅशचा भाऊ जॅक १९४४ मध्ये करवतीच्या अपघातात खरंच गेला. रे चार्ल्सचा धाकटा भाऊ त्याच्या डोळ्यांदेखत टबात बुडाला. 'वॉक हार्ड'मध्ये भावाचे तलवारबाजीच्या खेळात दोन तुकडे होतात आणि आपण खिदळतो. हे जरा अतीच नाही का?

काळी_पाच:
तो प्रसंग परत बघा. भावाचे दोन तुकडे झालेत आणि तरी तो शांतपणे गप्पा मारतोय. हसू मरणाचं येत नाही, पटकथा लिहिणाऱ्याच्या हिशोबाचं येतं. भाऊ गेला, म्हणून दुःख आलं, म्हणून गाणं आलं. बाप आयुष्यभर 'चुकीचा पोरगा मेला' एवढंच घोकतो. कॅशने मेम्फिसला येऊन पहिलं रेकॉर्ड निघेपर्यंत काय घासलं असेल ते दाखवायला कोणाला वेळ नसतो, भावाचं मरण मात्र पहिल्या वीस मिनिटांत उरकतात. ड्यूईचं गाणं रेकॉर्ड होतं आणि तासाभराच्या आत रेडिओवर लागतं, तोही याच हिशोबाला चिमटा.

ठाणेकर:
पटलं, निम्मं. खुंटीचं तर नक्कीच. मराठीत करता येईल का असं काही? 'बालगंधर्व', 'मी वसंतराव', 'स्वरगंधर्व सुधीर फडके', कच्चा माल भरपूर आहे.

एडिसनवाली:
करा की! तंबोरा, बैठकीत नाक मुरडणारे बुवा, वाट बघणारी बायको, शेवटी शाल-श्रीफळ. मी इथून वर्गणी पाठवते.

काळी_पाच:
प्रसंग कोणीही लिहील हो. पण सभागृहात 'वन्स मोअर' येईल असं खोटं नाट्यपद लागणार, आणि ते गायला तयारीचा गळा. असा गळा असलेला माणूस विडंबनात कशाला येईल? खऱ्या चरित्रपटात जाईल तो. राहुल देशपांडेंनी आजोबांची भूमिका स्वतः करून, स्वतःच गाऊन दाखवलीच की.

ठाणेकर:
तेही खरंच. आज रात्री 'स्पायनल टॅप' लावतो. सबटायटल्स हवीत का?

काळी_पाच:
लावाच. नायजेल च्युइंगगम चघळत बोलतो.