मदत हवी आहे: टिकी बारचे बांबू रात्री तडकतायत

उणेवीस
बेसमेंटमध्ये टिकी बार करतोय. लाकडी सांगाडा उभा झालाय, दर्शनी बाजूला बांबू लावले आणि आता ते एकेक करून फुटतायत. रात्री सुतळी बॉम्ब फुटावा तसा आवाज येतो आणि सकाळी बघावं तर वरपासून खालपर्यंत सरळ भेग. सहातले दोन गेले, काल तिसऱ्यानेही आवाज केलाय. ३ इंच जाडीचे, ८ फुटी, चांगले महागातले घेतलेत. २२ फेब्रुवारीच्या आत व्हायलाच हवं. काय करू, लवकर सांगा प्लीज.

सुरंगीचा_वळेसर
बांबू कुठला, आणि कधी तोडलेला? आमच्या कुडाळकडे माणगा असतो, जवळजवळ भरीव, तो असा फुटत नाही. तोडायचाही अवसेच्या आसपास, आणि मग ओहोळाच्या वाहत्या पाण्यात पंधरा-वीस दिवस दगडाखाली दाबून ठेवायचा, म्हणजे किडा लागत नाही. बाबा अजून तसंच करतात.

उणेवीस
किडा नाहीये हो, भेग आहे. कधी तोडलाय ते कसं सांगू, ऑनलाईन मागवलाय.

सरळमार्गी
घरी बार करताय तर आधी परमिटचं बघा. महाराष्ट्रात दारू प्यायला आणि जवळ बाळगायलाही परवाना लागतो, बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं. एक्साईजच्या साईटवर अर्ज करता येतो.

उणेवीस
मी मिनिआपोलिसला आहे. प्रश्न बांबूचा आहे.

रंधा
अहो मग हे पहिल्याच पोस्टमध्ये सांगायचं ना, निम्मं उत्तर त्यातच आहे. जानेवारी महिना, मिनेसोटा, घरात चोवीस तास हीटिंग. आता एवढं सांगा: बेसमेंटमध्ये ह्युमिडिटी किती, गरम हवेची जाळी बारपासून किती लांब, बांबू कशाने बसवलेत आणि वार्निश कुठे कुठे मारलंय?

माडाची_सावली
एक शंका. एवढा खटाटोप करताय पण टिकी बार म्हणजे नेमकं काय? शॅकसारखं असतं का, गोव्यात बाग्याला असतं तसं?

उणेवीस
@रंधा, मीटर नव्हता, आत्ता जाऊन आणला, १७ टक्के दाखवतोय. जाळी बरोबर बारच्या मागेच आहे, फुटलेले दोन्ही तिच्याच समोरचे. प्रत्येक बांबूला वर एक खाली एक स्क्रू, डायरेक्ट मारलेत. वार्निश बाहेरून दोन हात, टोकं उघडी.
@माडाची_सावली, शॅक उघडा असतो, हा बंद असतो, खिडकी नको, अंधुक दिवे, बांबू, चटया, जाळ्या, आत शिरलं की बाहेर दिवस आहे की रात्र कळू नये असा. आम्ही बे एरियात होतो तेव्हा पहिल्या अ‍ॅनिव्हर्सरीला सॅन फ्रान्सिस्कोला फेअरमाँट हॉटेलच्या टोंगा रूममध्ये गेलो होतो. मधोमध तळं आहे, त्यात होडीवर बँड वाजतो आणि मधूनच विजा कडाडून तळ्यावर पाऊस पडतो. पाऊस सुरू झाला आणि बायको रडायला लागली, रत्नागिरीची आहे ती, तेव्हा दोन वर्षं घरी गेलो नव्हतो. तिचा चाळीसावा आहे २२ ला. तिला अजून खाली येऊ दिलेलं नाही.

रंधा
मग हे नीटच करूया. फुटतोय का ते आधी. बांबूच्या कांड्यात सगळे धागे उभे असतात, आडवं बांधून धरणारं काही नसतं. वाळला की तो घेरात आकसतो आणि ताण कुठेतरी सुटायलाच हवा, म्हणून सरळ उभी भेग. त्यात तुम्ही भोक न पाडता स्क्रू मारलेत, म्हणजे भेगेला सुरुवात करून दिलीत.
जे तीन-चार चांगले आहेत ते आजच काढा. प्रत्येकाच्या पाठीमागच्या बाजूला, जी भिंतीकडे जाणार, गोल करवतीने टोकापासून टोकापर्यंत एकच उभा काप द्या, आतल्या पोकळीपर्यंत. घाबरू नका. आता आकसेल तेव्हा तोच काप रुंदावेल आणि पुढची बाजू शाबूत राहील. स्क्रूसाठी आधी भोक पाडायचं, स्क्रूपेक्षा किंचित मोठंच, आणि ते गाठीजवळ, मधल्या कांड्यात नाही. फुटलेले दोन भेग मागे फिरवून वापरा, ते आता परत फुटणार नाहीत. जाळीला हवा वळवणारी प्लास्टिकची पट्टी मिळते, ती लावा. ३० वर्षं लाकूडकाम करतोय, पुण्यात एका रिसॉर्टचं बांबूचं काम असंच वाचवलंय.

हिमगौरी
काप वगैरे कशाला, ह्युमिडिफायर आणा आणि ४५ वर ठेवा, विषय संपला. माझी सतार अशीच वाचली.

रंधा
बाहेर उणे वीस असताना आत ४५ ठेवलंत तर खिडक्यांवर पाणी साचून बर्फ होईल आणि चौकटी कुजतील. सतार पेटीत ठेवता येते, बार नाही.

हिमगौरी
मी शिकागोला १४ वर्षं राहते, मला हिवाळा शिकवू नका. बेसमेंटला खिडक्या असतात तरी किती! ३० पर्यंत तरी न्यायला काय हरकत आहे?

रंधा
३० ठीक आहे. पण काप हवाच.

पांढरा_ढग
मी ऑकलंडला राहते. बांबूचं मला कळत नाही, पण एक विनंती आहे. बारमध्ये त्या मोठ्या दातांचे लाकडी पुतळे आणि तोंडाच्या आकाराचे मग ठेवणार असाल तर जरा विचार करा. माओरी परंपरेत टिकी हा पहिला माणूस मानतात. इथे हिरव्या दगडाचं हे-टिकी गळ्यात घालतात, ते घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या जातं. आपल्या देवघरातला टाक कुणी बियर ठेवायला वापरला तर आपल्याला कसं वाटेल.

खलाशी७८
ताई, पण मुळात टिकी बार ओकलंडमध्येच वाढला ना? टिकी बारवाला ट्रेडर विक तिथलाच.

पांढरा_ढग
ते कॅलिफोर्नियातलं ओकलंड. मी न्यूझीलंडमधलं ऑकलंड म्हणतेय.

खलाशी७८
ओके, माझी चूक. पण मुद्दा तोच की हा सगळा प्रकार कॅलिफोर्नियाचा आहे. १९३० च्या दशकात हॉलिवूडमध्ये डॉन बीचने सुरू केला, देखावा पॉलिनेशियाचा आणि रम मात्र कॅरिबियन. @उणेवीस, माई ताई हे रमचं कॉकटेल ठेवणारच असाल. विकने ती १९४४ ला केली आणि तिच्यात अननस नव्हता, तो नंतर हवाईत घुसला. जमैकन रम ६० मिली, ऑरेंज कुरासाओ (संत्र्याची लिक्युर) १५, ऑर्जा ७-८, तेवढाच साखरेचा पाक, एका हिरव्या लिंबाचा रस, कुटलेला बर्फ, वर पुदिना. ऑर्जा म्हणजे बदामाचं सरबत, त्यात संत्र्याच्या फुलांचं पाणी असतं.

माडाची_सावली
मग आपलं केशर-वेलचीचं बदाम सरबत चालेल की, घरात असतंच.

खलाशी७८
अजिबात नाही! वेलची आली की दुसरं काही लागतच नाही. बदाम भिजवून वाटा, पिळून घ्या, साखर विरघळवा, फुलांचं पाणी दोन थेंब. अर्ध्या तासाचं काम आहे.

सुरंगीचा_वळेसर
रत्नागिरीची आहे म्हणता तर सोलकढी ठेवा की. न पिणारे पण येतील ना.

उणेवीस
सगळ्यांना एकदम उत्तर देतो. शनिवारी चार बांबूंना मागून काप दिला, पहिल्याला हात थरथरत होता. तिसरा, ज्याने आवाज केला होता, त्याच्या गाठीजवळ केसाएवढी चीर सापडली, तो कोपऱ्यात लावलाय. करवतीचा काप ३ मिमी होता, आज मोजला तर ५ आहे आणि पुढून काहीही दिसत नाही. चार रात्री आवाज नाही. ह्युमिडिटी २८.
@पांढरा_ढग, दोन मुखवटे मागवले होते, परत पाठवले. त्या जागी काचेचे मासेमारीचे गोळे टांगतोय, आणि रत्नागिरीच्या किनाऱ्याचा जुना नकाशा.
@सुरंगीचा_वळेसर, सोलकढी नक्की. आमसुलं आहेत, नारळाचं दूध मात्र डब्यातलं.
आता फक्त पावसाचा आवाज राहिलाय. छतात स्पीकर बसवलाय पण एसीसारखा ऐकू येतो. कौलांवरच्या पावसाचं कुणाकडे चांगलं रेकॉर्डिंग आहे का, पत्र्यावरचं नको.

सुरंगीचा_वळेसर
आमच्या पडवीतला गेल्या आषाढातला आहे, चाळीस मिनिटांचा. मधे एकदा आई हाक मारते तेवढं कापून घ्या. पाठवते.

उणेवीस
कापत नाही, राहू दे.

नवीनच_आलोय
वरचं सगळं वाचलं नाही पण बांबू फुटत असतील तर पीव्हीसी पाईपला बांबूसारखा रंग मारा, मस्त दिसतो.