मदत हवी आहे: वय ६१, शुगर, एक गुडघा कुरकुरतो, आळंदीपासून पायी वारी जमेल का?

नमस्कार मंडळी. मी लोणंदची. नातवाने मोबाईलवर बोलून लिहायला शिकवलंय त्यामुळे वाक्यं लांबली किंवा भलतंच काही उमटलं तर सांभाळून घ्या, मघाशी माउली म्हटलं तर त्याने बाहुली लिहिलं.

तर माउलींची पालखी दरवर्षी लोणंदला मुक्कामी असते, कधी एक रात्र कधी दोन. लग्न होऊन आले त्याला ४१ वर्षं झाली, तेव्हापासून त्या दिवशी आमच्या ओसरीवर पंचवीस-तीस माणसं असतातच, पिठलं भाकरी, आंघोळीला पाणी, पाय शेकायला वेगळा हंडा. वारी माझ्या घरात येते पण मी वारीत कधी गेले नाही. कारण गाई. चार गाई, दोन्ही वेळच्या धारा, डेअरीला दूध घालायचं, वीस दिवस कुणाच्या जिवावर सोडणार? तरडगावच्या वाटेवर चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण होतं, माउलींचा अश्व वारकऱ्यांच्या रांगांमधून धावतो ते, तेवढं बघायचं आणि धारेच्या आत घरी. माझी वारी म्हणजे एवढीच.

गेल्या दिवाळीनंतर गाई विकल्या. दोघांच्यानं होईना.

आमच्याकडे परभणीकडच्या एक आजी उतरतात, पंचाहत्तरीच्या असतील. ओसरीच्या कडेला बसून पाय पुढे घेतात, चष्मा नाकावर ओढतात, सुईत पांढरा दोरा ओवतात आणि फोडाच्या या कडेनं घालून त्या कडेनं काढतात, दोरा आतच ठेवून दोन्ही टोकं कापून टाकायची, म्हणजे पाणी दोऱ्यावाटे झिरपत राहतं नि कातडं सुटत नाही. तोंडानं माझ्याशी गप्पा चालूच. दरवर्षी विचारणार तुम्ही कधी येता, मी म्हणणार गाई आहेत. संक्रांतीला त्यांचा फोन आला, बोलता बोलता गाई विकल्याचं निघालं, तर म्हातारी हसून म्हणते, "मग आता काय सांगता?" तेव्हापासून डोक्यात तेच.

घरात एकेकाचं एकेक. आमचे हे म्हणतात लोणंदपासून चाल, निम्मी वाट वाचते. मुलगा म्हणतो गाडीने पंढरपूर करून आणतो, सकाळी जाऊन रात्री घरी. सून तेवढी म्हणाली जावा आई.

शुगर सात वर्षांपासून, गोळी चालू, इन्सुलिन नाही. उजवा गुडघा उतरताना बोलतो, चढताना नाही. माळ घातलेली नाही आणि खरं सांगायचं तर आमच्यात मटण होतं, मग दिंडीत घेतात का? लोणंदपासून चालले तर ती वारी धरायची का? आणि लाजेची गोष्ट आहे पण विचारते, मला रात्री दोनदा उठावं लागतं, राहुटीत बाया दाटीनं झोपलेल्या असतात, तेव्हा काय करतात?

आणि हो, आळंदीपासून आले तर लोणंदच्या मुक्कामाला मी माझ्या घरी झोपायचं का दिंडीत? हा प्रश्न कुणाला हसू येईल असा आहे पण मला रात्री झोप लागेना त्यानं.

कालवाकाठ (फलटण)
काकू, आधी हिशोब. पूर्ण वाट साधारण २५० किमी, त्यात आळंदी ते लोणंद ११० च्या आसपास. म्हणजे काकांचं निम्मं जरा कमीच भरतंय, लोणंदपासून निघालात तरी मोठा तुकडा तुमच्याच वाट्याला. पण अवघड भाग सुरुवातीलाच आहे हे खरं. आळंदी-पुणे ३० च्या घरात, मग पुणे-सासवड त्याहून जास्त आणि त्यात दिवे घाट. अंग तयार नसताना हे दोन टप्पे भारी पडतात. उलट लोणंद ते तरडगाव फक्त आठेक किमी, पायांना सवय व्हायला बरं. पण पुण्यात आणि सासवडला दोन-दोन रात्री असतात, तिथे पाय सावरतात. दोन्ही बाजू आहेत बघा. वारी धरायची का वगैरे मला नाही कळत, विठोबा काही मीटर लावून बसलेला नाही.

आणि यंदा (२०२६) अधिक ज्येष्ठामुळे आषाढी २५ जुलैला आलीय. पुण्याकडे पाऊस चांगला लागलेला असणार, घाटात तर नक्की. बरडच्या पुढं माळशिरसपर्यंत आपला नेहमीचा कोरडा पट्टा.

भटकी_आत्या (सातारा)
मी ६७, सहा वाऱ्या झाल्या, पहिली साठीनंतरच.

बहुतेक दिंड्या माळ नसली तरी घेतात, तेवढे दिवस आणि जायच्या आधी थोडे दिवस खाणं पाळायचं. भावनेच्या भरात आळंदीत माळ घालून घेऊ नका. एकदा घातली की एकादशी, खाणं आणि दरवर्षीची वारी आलीच, ते घरी येऊन शांतपणे ठरवा. दिंडीची भिशी म्हणजे वर्गणी भरली की जेवण, राहुटी आणि सामानाच्या ट्रकची सोय होते. आत्ताच विचारायला लागा, शेवटच्या आठवड्यात कुणी दाद देत नाही. आणि परभणीच्या आजींनाच विचारा की! त्यांची दिंडी असताना दुसरी कशाला शोधता?

रात्रीचं: राहुटीत शिरल्या शिरल्या दाराकडची जागा धरायची, गार वारं लागतं म्हणून तिथं कुणी भांडत नाही. उशाशी बॅटरी आणि चप्पल. फिरती शौचालयं हल्ली असतात, ती कुठे उभी केलीत ते उजेडातच बघून ठेवा. आणि एकटीनं जायचं नाही, शेजारणीला उठवायचं, तीही उठायचीच वाट बघत असते. लाज पहिल्या दोन रात्री वाटते. पाणी कमी पिऊन बघायचा शहाणपणा करू नका, मी केला होता, जेजुरीला चक्कर आली.

दिंडीचा नंबर आणि रथापुढे का रथामागे हे पाठ करा. चुकलात तर नुसतं नाव सांगून कोणी सापडत नाही. संध्याकाळच्या समाज आरतीला जरूर उभ्या राहा. चोपदारांनी चोप, म्हणजे हातातला दंड, वर केला की एवढा लाखाचा समाज गप्प होतो, मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारतात. माझा चष्मा तिथेच परत मिळाला.

रोखठोक_७ (मिरज)
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. या वयात शुगर घेऊन गर्दीत वीस दिवस म्हणजे घरच्यांना घोर. एक टप्पा चाला, फोटो काढा, घरी या. देव घरात पण आहे.

भटकी_आत्या (सातारा)
रोखठोक, मिरजेचे ना तुम्ही? माउलींचे अश्व बेळगावकडच्या अंकलीहून निघतात आणि तुमच्या मिरजेवरनंच चालत आळंदी गाठतात, तेव्हा त्यांनाही सांगा फोटो काढून घरी जा म्हणून. आणि या सोहळ्याला आजचं रूप देणारे हैबतबाबा आमच्या आरफळचे, आम्हाला कशाला थांबवता.

रोखठोक_७ (मिरज)
घोड्याला शुगर नसते आत्या.

पट्टीवाली (सांगली)
रोखठोकांचं शेवटचं वाक्य बरोबर आहे :) मी नर्स होते, वारीतल्या औषधांच्या तंबूत तीन वर्षं सेवा केलीय. काकू, आजींचा सुई-दोरा तुमच्यासाठी नाही. शुगरवाल्याच्या फोडात दोरा ठेवला तर जंतू आत जायला वाट मिळते, जखम लवकर भरत नाही. फोड फोडायचा नाही, स्वच्छ गॉज लावून तंबूत यायचं. रोज संध्याकाळी तळपाय आरशात बघायचा, बोटांच्या बेचक्या पण. अनवाणी अजिबात नको, नवस असला तरी. जायच्या आधी तीन महिन्यांची सरासरी शुगर करून घ्या आणि डॉक्टरांकडून तळव्याची संवेदना तपासून घ्या, बारीक नायलॉनचा दोरा टेकवून बघतात. तळवा बधिर निघाला तर सगळाच विचार बदलतो.

आता महत्त्वाचं. पालखीचं आळंदीहून प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला, त्यामुळे दिवे घाट बहुतेक वर्षी एकादशीच्या आसपास येतो. सगळ्यात लांब चाल, वर उपास, वर रोजची गोळी, तिथेच बायका बसतात. घाम, थरथर, डोळ्यापुढे अंधारी. त्या दिवशी उपास करायचा नाही, माउली रागवत नाहीत. चालण्याने शुगर खाली येते म्हणून गोळीचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठेवा आणि कनवटीला साखरेची पुडी. एरवी मात्र उलटं होतं, वाटेत दर शंभर पावलांवर कुणीतरी गोड चहा नाहीतर शिरा हातात देतं. नाही म्हणायला शिका, तेच सगळ्यात अवघड.

गुडघा उतरताना दुखतो ना, मग काठी घ्या.

धागाकर्ती (लोणंद)
सगळ्यांचे आभार, रोखठोक दादांचे पण, आमच्या ह्यांना त्यांचंच पटलं.

तपासण्या केल्या, तळवा शाबूत आहे, शुगर जरा जास्त निघाली, भात कमी केला. रोज पहाटे नीरा उजव्या कालव्याच्या कडेनं चालते, सहा किमीवरून बारावर आलेय. नातवाने स्पोर्ट्स शूज आणलेत, साडीखाली कसे दिसतात ते विचारू नका. परवा तरडगावला जाऊन परत आले तर हे मागून लुनावर, दहाच्या स्पीडनं, वर म्हणतात मी सहज आलो होतो.

आजींच्या दिंडीत नाव दिलंय. आळंदीपासून. पण लोणंदच्या रात्रीचं अजून कुणीच सांगितलं नाही.

भटकी_आत्या (सातारा)
दिंडीत. स्वतःच्या गादीवर एकदा पाठ टेकली की सकाळी उठवणार नाही, माझ्या नणंदेचं झालंय. ओसरीपर्यंत जा, इतर वारकऱ्यांसारखं जेवा आणि राहुटीत परत या.

धागाकर्ती (लोणंद)
ह्यांना वाचून दाखवलं. म्हणाले ते सगळं ठीक, पण मग त्या दिवशी तीस माणसांचं पिठलं कोण करणार? तर आता रोज संध्याकाळी ह्यांना पिठलं शिकवतेय. कालच्यात गाठी झाल्या, आणि हे मीठ घालायचं विसरले.