परिस्थिती बदलत राहते; मग तोल कशाच्या आधारे राखायचा?

प्रश्न

गेल्या काही काळात माझ्या आयुष्यात तीन गोष्टी जवळपास एकदमच बदलल्या. कार्यालयातील जबाबदारी वाढली, वडिलांचे आजारपण सुरू झाले आणि ज्या वाचनालयाच्या कार्यकारिणीत मी काम करतो तेथील जुने सहकारी बाजूला झाल्याने हिशेबापासून पुस्तक-खरेदीपर्यंतची कामे माझ्याकडे आली. वडिलांना संध्याकाळचे औषध देताना कार्यालयाचा संदेश येतो, त्याला उत्तर देईपर्यंत वाचनालयाची बैठक सुरू झालेली असते, आणि तिन्हीकडे माझे लक्ष अर्धवट राहते. सगळे म्हणतात, पूर्वीसारखी घडी बसव. पण पूर्वीची परिस्थितीच उरलेली नसताना ती घडी पुन्हा बसेल का? आणि अशा वेळी सामाजिक काम सोडणे हा स्वार्थ ठरेल का?

पहिला प्रतिसाद

पूर्वीची घडी हे उद्दिष्टच आपण सोडून द्यावे, असे मला मनापासून वाटते. अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९२६ मध्ये ‘होमिओस्टॅसिस’ ही संज्ञा वापरली ती तापमान, रक्तातील साखर इत्यादी गोष्टी ठरावीक मर्यादेत राखणाऱ्या शरीराच्या व्यवस्थेसाठी; परंतु ही मर्यादाही प्रसंगानुसार सरकते. ताप चढताना अंग गरम असूनही हुडहुडी भरते, कारण मेंदूने तापमानाचे लक्ष्यच वर नेलेले असते आणि स्नायू थरथरून ते गाठू पाहत असतात. पीटर स्टर्लिंग आणि जोसेफ आयर यांनी १९८८ मध्ये या प्रकाराला ‘अ‍ॅलोस्टॅसिस’, म्हणजे बदलातून राखलेले स्थैर्य, असे नाव दिले. मात्र असे जुळवून घेणे फुकट होत नाही. ते दीर्घकाळ चालले तर शरीराची झीज साठत जाते, हे ब्रूस मॅकएवन आणि एलियट स्टेलर यांनी १९९३ मध्ये मांडले.

आयुष्यातील बदलांचा ताण गुणांत मोजणाऱ्या, थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे यांच्या १९६७ च्या मापनश्रेणीत जोडीदाराच्या मृत्यूला १०० गुण आहेत, पण विवाहालाही ५० आणि उल्लेखनीय वैयक्तिक यशालाही २८ आहेत. आपली वाढलेली जबाबदारी ही बढती असली तरी तिचा भार खराच आहे, आणि तो मान्य करण्यात कमीपणा नाही.

दुसरा प्रतिसाद

वरील विवेचन पटते, परंतु त्यात सगळे जुळवून घेणे व्यक्तीच्याच वाट्याला येते, आणि तेथे माझा आक्षेप आहे. समाजशास्त्रज्ञ विल्यम ऑगबर्न यांनी १९२२ मध्ये दाखवून दिले की साधने आधी बदलतात आणि नियम व रूढी मागाहून येतात. कारखान्यांत यंत्रे आली, अपघात वाढले, तरी कामगारांना भरपाई देणारे कायदे यायला कित्येक वर्षे गेली. मधल्या काळातील नुकसान कामगारांच्या कुटुंबांनी सोसले. दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या पहिल्या कराराने १९१९ मध्ये उद्योगांसाठी घालून दिली. त्याआधी चौदा तास राबणाऱ्या माणसाला वेळेचे नियोजन शिकवून तोल साधला असता का?

संध्याकाळी येणारा कार्यालयीन संदेश याच प्रकारात मोडतो. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून मोठ्या आस्थापनांना कामाच्या वेळेबाहेर संपर्कमुक्त राहण्याच्या हक्काबाबत कर्मचाऱ्यांशी वाटाघाटी कराव्या लागतात. आपल्या कार्यालयात असा नियम नसेल, तर तो मागणे हेही सामाजिक कामच आहे.

प्रश्नकर्ता

दोन्ही उत्तरांबद्दल आभार. संदेशांच्या वेळेविषयी सहकाऱ्यांसह वरिष्ठांशी बोलतो. वाचनालयाचा प्रश्न मात्र तसाच राहतो.

तिसरा प्रतिसाद

काम कमी करणे आणि संबंध तोडणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी गोष्ट आपण करू नये. समूहाशी असलेले बंध माणसाला कठीण काळात सावरतात, हे समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्केम यांनी १८९७ मध्ये आत्महत्यांच्या अभ्यासातून मांडले होते. आजारी माणसाची शुश्रूषा करणारे नेमके याच काळात लोकांपासून तुटत जातात, म्हणून आपले वाचनालयात जाणे-येणे राहायला हवे.

हिशेब आणि खरेदी ही मुदतीची कामे आहेत. ती आधी दुसऱ्याकडे सोपवा. पुस्तकांची निवड किंवा नव्या वाचकांशी बोलणे आपल्याकडे ठेवता येईल, कारण त्यात एखादा आठवडा चुकला तरी कोणाचे अडत नाही. ‘जमेल तसे करतो’ असे तोंडी सांगू नका. कोणते काम कोणत्या तारखेपासून सोडत आहात हे कार्यकारिणीला लेखी कळवा आणि त्या तारखेआधी वह्या व पावत्या समजावून द्या. काम घ्यायला कोणीच पुढे आले नाही, तर कोणते उपक्रम थांबवायचे हे कार्यकारिणीने ठरवावे. तो निर्णय एकट्याने घ्यायचा नाही, आणि त्याचा दोषही आपल्याकडे येत नाही.