मदत हवी आहे: स्टेशनवरच्या फुकट वायफायवर बाबांनी ईमेलचा पासवर्ड टाकला

बाबा (वय ७१) काल माझ्याकडे यायला निघाले होते. जंक्शनवर गाडी दीड तास लेट, डेटा संपलेला. यादीत 'फ्री' असं काहीसं नाव दिसलं, ते त्यांनी जोडलं. उघडलेल्या पानावर आधी मोबाइल नंबर आणि ओटीपी मागितला, मग ईमेल आणि त्याचा पासवर्ड. त्यांनी दोन्ही टाकलं. नंतर पेन्शन जमा झाली का, ते बँकेच्या अ‍ॅपमध्ये बघितलं.

मी स्टेशनांवर रेल्वेच्या रेलटेल कंपनीचं रेलवायर हे वायफाय बऱ्याचदा वापरलंय. तिथे नंबर आणि ओटीपी दिला की काम होतं, ईमेलचा पासवर्ड कधीच मागितलेला नाही. म्हणून पोटात गोळा आलाय. रात्रीच माझ्या फोनच्या डेटावरून पासवर्ड बदलला. बँकेचंही काही गेलं असेल का? बाबा फोनला हात लावायला घाबरतायत आणि त्यांना बोल लावायची माझी अजिबात इच्छा नाही.

प्रतिसाद १:
पासवर्ड लगेच बदललात हे फार चांगलं केलंत. बँकेचं अ‍ॅप आणि सर्व्हर यांच्यातली देवाणघेवाण एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे मधल्या कुणाला वाचता न येणाऱ्या रूपात असते. वायफाय चालवणाऱ्याला फार तर कुठल्या बँकेशी संपर्क झाला ते कळेल, पिन किंवा शिल्लक दिसणार नाही. मला काळजी ईमेलची वाटते, कारण बाकीच्या खात्यांचे पासवर्ड बदलायच्या लिंका तिथेच येतात. सगळ्या उपकरणांवरून साइन आउट करा. फॉरवर्डिंग, फिल्टर आणि रिकव्हरी नंबर तपासा. कुणी आपला पत्ता तिथे घालून ठेवला असेल, तर पासवर्ड बदलूनही मेल त्याच्याकडे जात राहतात. टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एक कोड वगैरे मागणारी पडताळणी) चालू करा. त्या पानाने एखादं अ‍ॅप किंवा सर्टिफिकेट टाकायला लावलं होतं का, हेही बाबांना शांतपणे विचारा.

प्रतिसाद २:
व्हीपीएन (फोनचा सगळा डेटा वाटेत झाकून नेणारी सेवा) घ्या असं कुणीतरी सांगेलच, पण इथे त्याचा उपयोग झाला नसता. पासवर्ड वाटेत चोरीला गेला नाही, खोट्या पानावर हाताने टाकला गेला. फोनमधून ते नेटवर्क 'फरगेट' करा, नाहीतर त्याच नावाचं वायफाय दिसलं की फोन आपोआप जोडला जाईल. खात्यातून पैसे गेलेच तर क्षणभरही न थांबता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

धागाकर्ती:
अ‍ॅप वगैरे काही टाकलं नव्हतं. पण फॉरवर्डिंगमध्ये खरंच एक अनोळखी पत्ता निघाला! काढला, स्क्रीनशॉट ठेवलाय. वीजबिलाच्या खात्यालाही तोच जुना पासवर्ड होता, तो आत्ता बाबांनी स्वतः बदलला. नेट बँकिंगचा पासवर्डही बदलून घेऊ ना?