व्हॅलेन्सियात समुद्राजवळ भाड्याचे घर: अकरा महिन्यांच्या करारावर सही करावी का?

पाऊलवाट

नमस्कार. मी, माझे पती आणि आमची सहा वर्षांची मुलगी असे आम्ही तिघे येत्या सप्टेंबरच्या सुरुवातीला स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे राहायला जात आहोत. माझी नोकरी घरून करण्याची आहे आणि त्या आधारावर डिजिटल नोमॅड व्हिसा मंजूर झाला आहे. निदान तीन वर्षे तिथे राहावे असा विचार आहे. समुद्राजवळ राहण्याची आम्हा सगळ्यांचीच फार इच्छा असल्यामुळे गेले दोन महिने मी संकेतस्थळांवर मालवारोसा आणि काबान्याल या किनाऱ्यालगतच्या भागांतील घरे पाहत आहे.

त्यांपैकी एक घर मनात भरले आहे. तिसरा मजला, सामानासह, आणि गॅलरीतून समुद्राची निळी पट्टी दिसते. मात्र एजंटच्या अटी अशा आहेत: करार अकरा महिन्यांचा, अनामत दोन महिन्यांच्या भाड्याइतकी, एजन्सीचे शुल्क एका महिन्याच्या भाड्याइतके, आणि घर 'राखून ठेवण्यासाठी' काही रक्कम आत्ताच, म्हणजे आम्ही घर प्रत्यक्ष पाहण्याआधी, पाठवायची. त्या पत्त्यावर महापालिकेत रहिवासी म्हणून नोंदणी करण्यास मालक तयार नाहीत, असेही त्यांनी सांगितले.

आपल्याकडे अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार अंगवळणी पडलेला असल्यामुळे मला त्यात प्रथम काही वावगे वाटले नाही. तिथे या प्रकाराला काय अर्थ आहे? आणि नोंदणीशिवाय राहिले तर खरोखर काही अडते का? तिथे राहणाऱ्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निळी कौले

पाऊलवाट, एकही युरो पाठवण्यापूर्वी तुम्ही विचारलेत हे फार बरे झाले. मी पाच वर्षांपासून व्हॅलेन्सियात राहतो आणि माझा पहिला करार अगदी असाच होता, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

अकरा या आकड्याने आपण मराठी माणसे हमखास फसतो, कारण तो आकडा ओळखीचा वाटतो. स्पेनमध्ये भाडेकरारांचा मूळ कायदा १९९४ चा आहे आणि त्यात दोन प्रकार स्पष्टपणे वेगळे केलेले आहेत. पहिला कायम वास्तव्यासाठीच्या घराचा. यात करार एका वर्षाचा लिहिला तरी भाडेकरूची इच्छा असेल तर तो पाच वर्षांपर्यंत, आणि मालक एखादी कंपनी असेल तर सात वर्षांपर्यंत, आपोआप वाढत जातो. भाडेकरूला मात्र सहा महिने पूर्ण झाल्यावर तीस दिवसांची सूचना देऊन कधीही घर सोडता येते. दुसरा प्रकार हंगामी वास्तव्याचा, ज्याला तिथे 'तेम्पोरादा' म्हणतात. एखाद्या अभ्यासक्रमासाठी किंवा ठरावीक मुदतीच्या कामासाठी आलेल्या माणसासाठी तो आहे. त्यात ही संरक्षणे नाहीत: मुदत संपली की घर रिकामे करायचे, आणि मुदतीआधी निघालात तर करारात जे लिहिले असेल ते भरायचे.

तुम्हाला देऊ केलेला करार हा दुसऱ्या प्रकारचा आहे, हे त्या दोन महिन्यांच्या अनामतीवरूनच ओळखता येते. कायम वास्तव्याच्या घरासाठी कायद्याने ठरवलेली अनामत, म्हणजे 'फियान्सा', एकाच महिन्याची असते आणि हंगामी करारासाठी ती दोन महिन्यांची असते. एजन्सीच्या शुल्काचेही तेच आहे. मे २०२३ मध्ये लागू झालेल्या गृहनिर्माण कायद्यानुसार कायम वास्तव्याच्या करारात एजन्सीचा खर्च मालकाने सोसायचा असतो; हंगामी करारात तो भाडेकरूकडून मागितला जातो. तेव्हापासून वर्षभर राहणाऱ्या कुटुंबांनाही हंगामी करार पुढे करण्याची प्रथा बळावली आहे आणि मला ती मनापासून अन्यायाची वाटते. करार कोणत्या प्रकारचा आहे हे त्याच्या शीर्षकावरून किंवा महिन्यांच्या संख्येवरून ठरत नाही, तर तुम्ही ते घर प्रत्यक्षात कशासाठी घेतले आहे यावरून ठरते, हे खरे आहे. पण ते न्यायालयात सिद्ध करावे लागते, आणि नुकत्याच आलेल्या, भाषा न येणाऱ्या कुटुंबाने ते ओझे कशाला उचलावे?

आता नोंदणीविषयी, कारण सर्वांत मोठी अडचण तिथेच आहे. महापालिकेतील रहिवासी नोंदणीला 'एम्पाद्रोनामिएन्तो' म्हणतात आणि बोलण्यात सगळे नुसते 'पाद्रोन' म्हणतात. स्पेनमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाने आपण जिथे राहतो त्या नगरपालिकेत नोंद करणे हे कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे ती करू नका असे सांगण्याचा मालकाला अधिकारच नाही. तुमच्या नावाचा चालू भाडेकरार असेल तर त्याच्या आधारावर नोंद होते. त्यासाठी मालकाची वेगळी परवानगी लागत नाही. तरीही पहिल्याच दिवसापासून मालकाशी वाद घालत राहणे कोणालाच नको असते, आणि नोंद टाळू पाहणारा मालक बहुधा आणखी काहीतरी लपवत असतो, असा माझा अनुभव आहे. माझ्या पहिल्या घरमालकाने फियान्सा व्हॅलेन्सियाच्या प्रादेशिक सरकारकडे, म्हणजे 'जेनेरालितात'कडे, जमा केलीच नव्हती, जे करणे त्याच्यावर बंधनकारक होते. किल्ल्या परत केल्यापासून एका महिन्यात अनामत मिळायला हवी, नाहीतर पुढे तिच्यावर कायदेशीर व्याज लागते. मला ती मिळाली सात महिन्यांनी, तीही पोस्टाने 'बुरोफॅक्स' पाठवल्यावर. बुरोफॅक्स म्हणजे पत्र पोहोचल्याचाच नव्हे, तर त्यातील मजकुराचाही पुरावा राहतो असे पत्र. हा शब्द लक्षात ठेवा.

न पाहिलेल्या घरासाठी पैसे तर अजिबात पाठवू नका. घर खरोखर कोणाच्या नावावर आहे हे पाहायचे असेल तर मालमत्ता नोंदणी कार्यालयाकडून 'नोता सिंप्ले' नावाचा उतारा ऑनलाइन मिळतो, खर्च सुमारे १० युरो येतो. आपल्या सातबारासारखा तो समजा. त्यावरील नाव आणि करारावरील नाव जुळत नसेल, आणि का जुळत नाही याचे लेखी उत्तर मिळत नसेल, तर घर कितीही सुंदर असले तरी तिथून निघा.

मृद्गंध

वरील सर्व माहितीशी मी पूर्ण सहमत आहे. मला मात्र घराविषयीच थोडे सांगायचे आहे, कारण आम्ही मालवारोसा किनाऱ्यापासून दोनशे पावलांवर दोन हिवाळे काढले आहेत.

समुद्राजवळचे घर लोक उन्हाळ्यात पाहतात आणि हिवाळ्यात त्यात राहतात. व्हॅलेन्सियाचा हिवाळा थर्मामीटरवर सौम्य दिसतो, परंतु किनाऱ्यालगतच्या जुन्या इमारतींना उष्णतारोधन जवळजवळ नसते, अनेक घरांत हीटिंगची सोयच नसते आणि फरशी दिवसभर बर्फासारखी गार राहते. समुद्रावरून येणारा 'लेवांते' वारा सुरू झाला की वाळत घातलेले कपडे तिसऱ्या दिवशीही दमटच असतात. आमच्या शयनगृहात भिंतीला टेकवलेले मोठे कपाट होते. पहिल्या जानेवारीत एक कानातले पडले म्हणून ते पुढे ओढले, तर मागची भिंत खालपासून खांद्याच्या उंचीपर्यंत काळ्या बुरशीने भरलेली होती आणि कपाटाच्या पाठीची फळी बोटाने दाबली तर आत जात होती. मुलीचा खोकला तीन महिने का थांबत नव्हता, ते त्या दिवशी कळले.

म्हणून घर पाहायला जाल तेव्हा गॅलरीतून समुद्र पाहण्याआधी कपाटांच्या मागे हात घालून भिंत चाचपून पाहा. खिडक्यांच्या बिजागऱ्या गंजलेल्या आहेत का पाहा, कारण खारी हवा आधी तिथे दिसते. ताजा रंग फक्त एकाच कोपऱ्यात दिला असेल तर तो का दिला, हे विचारा. घराला ऊन कोणत्या वेळी मिळते हे विचारा; दक्षिणेकडे खिडक्या असलेले आतले घर हे समुद्राकडे तोंड असलेल्या पण ऊन न मिळणाऱ्या घरापेक्षा हिवाळ्यात कितीतरी सुखाचे असते. आणि वीजजोडणी किती किलोवॉटची आहे ते बिलावर पाहा. जुन्या घरांत ती ३.४५ इतकीच असू शकते, मग ओव्हन आणि एअर कंडिशनर एकदम लावले की घरभर अंधार होतो.

भागांविषयी सांगायचे तर काबान्याल मला अतिशय प्रिय आहे. ते मूळचे कोळ्यांचे गाव, १८९७ मध्ये व्हॅलेन्सिया शहरात सामील झालेले, आणि तिथल्या रंगीत फरशांनी मढवलेल्या बुटक्या घरांची शोभा वेगळीच आहे. पण एक हमरस्ता थेट समुद्रापर्यंत नेण्याच्या योजनेमुळे तिथली घरे पाडण्याचा प्रश्न कित्येक वर्षे टांगणीला होता आणि ती योजना २०१५ मध्ये मागे पडली, त्यामुळे एका गल्लीत नुकतेच नूतनीकरण केलेले देखणे घर आणि शेजारीच वर्षानुवर्षे दुर्लक्षित राहिलेले पडके घर असे चित्र आजही दिसते. रस्ता दिवसा आणि रात्री, दोन्ही वेळा चालून पाहा. लहान मूल असलेल्यांना मी 'बेनिमाक्लेत' हा भाग सुचवीन. तिथून ४ क्रमांकाची ट्राम सरळ किनाऱ्यावर जाते, आणि शनिवार-रविवारी समुद्र गाठण्यासाठी रोज दमट घरात झोपावे लागत नाही.

वहिवाट

मी दोनच गोष्टी जोडतो. सार्वजनिक शाळेत प्रवेश घेताना पत्ता महत्त्वाचा ठरतो आणि तो सिद्ध करण्याचा सर्वमान्य कागद म्हणजे पाद्रोनच. नियमित प्रवेशप्रक्रिया वसंत ऋतूतच होऊन जाते, त्यामुळे सप्टेंबरमध्ये आलेल्या मुलीला शिल्लक जागांपैकी शाळा मिळेल, आणि पत्ताच नसेल तर तेही रखडेल. शाळेत स्पॅनिशबरोबर व्हॅलेन्सियन भाषाही असते, हे तिला आधीच सांगून ठेवा. परदेशी नागरिकाचे ओळखपत्र, म्हणजे 'टी.आय.ई.', देशात प्रवेश केल्यापासून एका महिन्यात मागायचे असते, आणि तिथेही बहुतेक वेळा पाद्रोनचा दाखला विचारतात.

दुसरी गोष्ट तळमजल्याची. भाडे कमी म्हणून शहराच्या दक्षिणेकडील गावांमध्ये घर घ्यावेसे वाटेल. १९५७ च्या महापुरानंतर तुरिया नदीचा प्रवाह वळवून शहराच्या दक्षिणेला नेला गेला आणि जुन्या पात्रात आजची सुंदर बाग झाली. २९ ऑक्टोबर २०२४ च्या पुरात त्या नव्या पात्रामुळे शहराचा बहुतांश भाग वाचला, पण त्याच्या पलीकडच्या पायपोर्ता, कातारोखा, आल्फाफार अशा गावांत दोनशेहून अधिक बळी गेलेल्या या आपत्तीचा सर्वांत भीषण फटका बसला. तळमजले आणि तळघरातील वाहनतळ यांत माणसे अडकली. ती गावे आज जिद्दीने उभी राहत आहेत आणि तिथे राहू नका असे मी म्हणणार नाही. मुलीला घेऊन राहणार असाल तर तळमजल्याचे घर मात्र घेऊ नका.

पाऊलवाट

आपणा तिघांचे मनःपूर्वक आभार. आज सकाळी एजंटला दोनच ओळींचा मजकूर पाठवला: नोता सिंप्ले पाहायची आहे, आणि करार कायम वास्तव्याचा हवा. उत्तर आले की इतर ग्राहक थांबले आहेत. ते घर मी सोडून दिले. त्या गॅलरीचे छायाचित्र पाहून मुलीने तिथे आपली खुर्ची कुठे ठेवायची हेही ठरवले होते, त्यामुळे वाईट वाटले.

आता आधी तीन आठवड्यांसाठी तात्पुरती जागा घेऊन, घरे प्रत्यक्ष पाहूनच करार करायचे ठरवले आहे. एक शंका उरते. माझा पगार भारतीय कंपनीकडून येतो. स्पेनमधील पगारपत्रक नसताना मालक विश्वास कसा ठेवतील? एकाने वर्षभराचे भाडे आगाऊ मागितले आहे.

निळी कौले

निर्णय योग्य घेतलात. एका महिन्यापेक्षा अधिक भाडे आगाऊ मागण्याचा मालकाला अधिकार नाही, हे त्याच १९९४ च्या कायद्यात लिहिलेले आहे. अनामतीखेरीज आणखी हमी मात्र तो मागू शकतो, आणि पाच वर्षांपर्यंतच्या करारात ती दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त असता कामा नये. ही दोन महिन्यांची हमी तुम्ही स्वतःहून देऊ करा; परदेशी पगार असलेल्यांसाठी बहुतेकदा त्यानेच दार उघडते. शिवाय नोकरीचा करार, मागील सहा महिन्यांची बँक विवरणे आणि व्हिसाची प्रत एकत्र करून, वर तिघांची ओळख करून देणारे एक पानाचे स्पॅनिश पत्र जोडा. व्हिसासाठी शपथबद्ध अनुवादकाकडून करून घेतलेली भाषांतरे असतीलच, तीच इथे वापरता येतील. अनेक मालक भाडे थकल्यास भरपाई देणारा विमा काढतात आणि विमा कंपनी परदेशी पगार नाकारते. तसे झाले तर खचू नका. थेट मालकाकडून भाड्याने दिली जाणारी घरे पाहा, तिथे समोरासमोर बसून बोलता येते.

सगळे पैसे बँकेतूनच द्या आणि पावतीवर फियान्सा, जादा हमी व भाडे या तीन रकमा वेगवेगळ्या लिहून घ्या. किल्ल्या हातात आल्या की सामान आत नेण्याआधी वीज आणि पाण्याच्या मीटरचे आकडे, प्रत्येक भिंत आणि कपाटांच्या मागची बाजू यांची छायाचित्रे काढून त्याच दिवशी मालकाला ईमेलने पाठवा. तिथे पोहोचल्यावर घरांच्या जाहिराती इथे टाकत जा. करारातील स्पॅनिश मजकूर वाचून सांगायला मी आहे.